बाजारात शेळ्या वाढतात तेव्हा



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने यशाचा मंत्र द्यायची पद्धत आहे. माझ्याकडे तो नाही, आणि असता तरी या उकाड्यात झगे घालून बसलेल्या तुम्हांला ऐकवायचं धाडस केलं नसतं. मला बोलायचंय ते मदतीविषयी. युद्ध, दुष्काळ आणि गरिबीने घेरलेल्या घरांपर्यंत मदत पोचते, पण बहुतेक वेळा उशिरा. असं का होतं, एवढंच आज सांगतो. तुमच्यातलं कुणी महसूल खात्यात जाईल, कुणी बँकेत, कुणी सामाजिक संस्थेत, एखादी मुलगी परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीतही. उशीर जिथे होतो त्या खुर्च्या याच आहेत.

दुष्काळात घर एका दिवसात बुडत नाही. बुडण्याला क्रम असतो आणि तो गावोगाव जवळपास सारखाच असतो. आधी ताटातली भाजी जाते. मग दूध चहापुरतं उरतं. मग घरातली बाई स्वतःची भाकरी अर्धी करते, आणि हे नवऱ्याला बरेचदा कळतही नाही. मग किराणा दुकानाची उधारी. उधारी तुंबली की शेळी-करडं बाजारात जातात. मग कानातलं, पितळी हंडा. मग बैल. मग जमीन गहाण, आणि शेवटी म्हाताऱ्यांना मागे ठेवून घर ऊसतोडीला नाहीतर शहरात. शेळी विकेपर्यंत हे घर थोडक्या पैशांत सावरता येतं. बैल गेल्यावर पुढचा पाऊस चांगला झाला तरी पेरायचं कशाने? सरकारी असो की आंतरराष्ट्रीय, मदतीची चाकं मात्र या क्रमाच्या शेवटी हलायला लागतात.

सोमालियात काय झालं ते बघा. 2010 च्या अखेरीचा पाऊस तिथे फसला, 2011 चा एप्रिलमधलाही धड आला नाही. दक्षिणेतल्या बैदोआच्या भोवतालचा मुलूख आपल्या सोलापूर-मंगळवेढ्यासारखाच ज्वारीचा. तिथल्या बाजारात ज्वारीचा भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेला आणि जनावरांचा कोसळला, कारण जो तो विकायलाच येत होता. या भागावर अल-शबाब या सशस्त्र गटाचा ताबा. त्यांनी जागतिक अन्न कार्यक्रमाला 2010 मध्येच बंदी घातलेली. दुसरीकडे अमेरिकेचे दहशतवादविरोधी कायदे असे, की एखादं पोतं चुकून बंदूकवाल्यांच्या हाती पडलं तर मदत संस्थेवरच खटल्याची भीती. दोन्ही बाजूंनी दार बंद. हवामान आणि बाजारभावांवर नजर ठेवणारे तज्ज्ञ महिनोन्‌महिने इशारे देत होते. संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला 20 जुलै 2011 रोजी.

ही तारीख इतकी उशिरा का, ते समजून घ्या. भीषण दुष्काळ जाहीर करायला तीन निकष लागतात. दर पाच घरांमागे किमान एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई हवी, दर दहा मुलांमागे तीन तरी तीव्र कुपोषित हवीत, आणि दर 10,000 लोकांमागे दिवसाला किमान दोन मृत्यू हवेत. तिसरा निकष पुन्हा एकदा मनात वाचा. पुरावा म्हणून आपण प्रेतं मागतो. त्या दुष्काळात सुमारे 2 लाख 60 हजार माणसं गेली असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची मुलं होती. जाहीर होण्याआधीच कितीतरी जण गेलेले होते. पैशांचा ओघ वाढला तो त्यानंतर.

मेलं कोण, हेही सांगायला हवं. सरसकट सगळे नाही. रहनवेन आणि बंटू समाजातली माणसं सर्वांत जास्त गेली. शेतीवर किंवा मजुरीवर जगणारी, राजकारणात वजन नसलेली, आणि परदेशात कमावता नातेवाईक नसलेली. ज्यांचा चुलता लंडनला किंवा मिनियापोलिसला होता त्यांना हवालामार्फत चार पैसे आले आणि ती घरं तगली. हवाला म्हटलं की आपल्याला काळा पैसाच आठवतो. सोमालियात ती गरिबाची बँक आहे. पुढे मदत संस्थांनीही तीच वाट धरली. धान्याचा ट्रक अडवता येतो, पण व्यापारी आपलं धान्य कसंही करून बाजारात आणतो, म्हणून लोकांच्या हातात रोख रक्कम देणं सुरू झालं. कल्पना चांगली होती, पण मोठ्या प्रमाणावर ती अमलात आली तेव्हा जुलै उलटून गेला होता.

2022 मध्ये सोमालियातच सलग पाचवा पाऊसकाळ कोरडा गेला. या वेळी दुष्काळ जाहीर करायची पाळी आली नाही, याचं पुष्कळ कौतुक झालं. मग आकडेमोड झाली. त्या एका वर्षात दुष्काळामुळे 43,000 जास्तीचे मृत्यू झाले असा अंदाज निघाला, निम्मे पुन्हा पाच वर्षांखालचे. जाहीर न झालेला दुष्काळ म्हणजे टळलेला दुष्काळ, असं जे अधिकारी मानतात त्यांच्याशी माझं भांडण आहे.

तुमच्यातल्या ज्या मुली आरोग्यसेवेत जाणार आहेत त्यांनी कुपोषण मोजायची रंगीत पट्टी पाहिली असेल. मेळघाटातली आशाताई वापरते तीच बैदोआतही वापरतात. मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली तर लाल. लाल आली की शेंगदाणा, दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घालून केलेल्या लगद्याचं पाकीट फोडून मुलापुढे धरायचं. मूल चाटायला लागलं तर त्याला घरी ठेवून उपचार चालतात. तोंड फिरवलं तर दवाखान्यात भरती, कारण भूक मेलेली असणं हे धोक्याचं लक्षण. 92 ग्रॅमच्या त्या पाकिटाने लाखो मुलं वाचली आहेत, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण ती पट्टी लाल होते तोवर घरातली शेळी कधीच विकली गेलेली असते.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. 1876-78 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी ठरवून टाकलं, की खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य पुरतं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. वर अट अशी, की काम घरापासून दहा मैलांपलीकडचं असावं आणि मजुराने तिथेच छावणीत राहावं. खरा उपाशी कोण ते कळावं, हा हेतू. मुंबई इलाख्यात हजारो मजूर ती कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी तिच्यात अग्रभागी होते, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती जमवून ती सरकारपुढे ठेवली. भुकेल्याने भूक सिद्ध करावी, ही टेम्पलसाहेबांची अट मात्र साहेब गेल्यावरही आपल्या कचेऱ्यांतून हललेली नाही.

ती अट मोडायचा सर्वांत मोठा प्रयत्न याच राज्यात झाला. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी तुमच्या आजीआजोबांकडे असतील: लाल मिलोच्या भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, पाझर तलाव, खडी. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि 2005 चा केंद्राचा कायदा तिच्याच पावलांवर आला. त्या योजनेचं मर्म साधं होतं. दाखला नको, दारिद्र्यरेषा नको, काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम. मस्टरवर नाव चढलं की मजुरी. मुकादम हजेरीत गडबड करायचे आणि पगार रखडायचे, तेही खरं. तरीही, दुष्काळी कामांच्या बळावर, अन्नान्न करून माणसं मरण्याची लाट 1973 मध्ये महाराष्ट्राने पाहिली नाही. गुरं मात्र फार गेली. आपल्या सर्वांत यशस्वी दुष्काळनिवारणातही माणूस वाचला आणि गोठा रिकामा झाला, हे आपण अभिमानाच्या भरात विसरतो.

गोठ्याचं नंतर ध्यानात आलं म्हणून चारा छावण्या आल्या. छावणीत गाय-बैलाला टॅग, वैरण, पाणी. शेळी-मेंढीला क्वचितच जागा. गाय-बैल बहुधा ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे असतात. शेळी ही गरिबाची गाय, आणि ती बहुधा बाईची असते. भूमिहीन बाईची एकुलती एक ठेव मदतीच्या यादीबाहेर कशी राहिली, यावर एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंध लिहावा. मी मार्गदर्शक नाही, पण वाचायला येईन.

आता आक्षेप येतो: मदत आधीच दिली आणि पाऊस पडला तर? उत्तर पुराच्या उदाहरणातून देतो. 2020 च्या जुलैत बांगलादेशात नदीच्या पुराचा अंदाज आल्यावर, पूर शिगेला पोचण्याआधीच हजारो कुटुंबांना पैसे दिले गेले. लोकांनी अन्न घेतलं, गुरं उंचावर हलवली. समजा, अंदाज चुकला असता. काही घरांत चार-दोन शेळ्या जास्त राहिल्या असत्या. सरकारी लेखापरीक्षणात चुकून गेलेल्या रुपयावर ताशेरे येतात. वेळेवर न गेलेल्या रुपयावर ताशेरा ओढलेला मी अजून वाचलेला नाही. म्हणून हुशार अधिकारी थांबतो, अंतिम पैसेवारीची, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी आकड्याची, वाट बघतो. खरिपाची ही पैसेवारी डिसेंबरात येते. उधारी दसऱ्यालाच तुंबलेली असते.

मुलांनो, मी तुमच्याकडे देणगी मागायला आलेलो नाही. सोमालियातले जाणते लोक दुष्काळाचा अंदाज एका हिशेबावर बांधतात: आज एका शेळीत किती किलो ज्वारी येते? हा हिशेब आपल्याही कुठल्याही आठवडे बाजारात अर्ध्या तासात करता येतो. येत्या सप्टेंबरात पाऊस ओढ देऊ लागला, की आपल्या तालुक्याच्या बाजारात जा. शेळ्या किती आल्यात, माद्या आणि गाभण शेळ्या विकायला आल्यात का, भाव गेल्या महिन्यापेक्षा किती पडला, ते विचारा आणि लिहून काढा. तो कागद त्याच दिवशी तहसीलदारांना द्या, त्याची प्रत ग्रामसभेत वाचा, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या बाजारच्या दिवशी पुन्हा द्या. तुमच्यातलंच कुणी पुढे तहसीलदार झालं, तर असा कागद आल्यावर पैसेवारीची वाट बघू नका.