वडीलधाऱ्यांच्या तोंडची भाषा
(शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय मला माझ्याच एका चुकीने दिला आहे. मी नुकताच नोकरीस लागलो होतो. तिसरीच्या मुलांस 'आमचे घर' या विषयावर पाच वाक्ये लिहावयास सांगितली. एका मुलीने लिहिले, 'काल आईची बांगडी वाढली.' मी त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, वर 'फुटली' असे लिहिले आणि वाक्य वर्गास वाचून दाखविले. मुले हसली. दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेच्या पायरीशी येऊन म्हणाली, "गुरुजी, सवाष्णीची बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. पोरीला मीच शिकवलंय." मजजवळ उत्तर नव्हते. शब्द चुकला नव्हता. माझी माहिती अपुरी होती.

अशुभाचा उच्चार टाळण्याची ही जुनी रीत आहे. घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणे, रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' म्हणणे, ही त्याच प्रकारची उदाहरणे होत. त्यामागील समजुती आपण शिकवाव्यात असे नाही; परंतु 'येतो' या शब्दात मागे राहणाऱ्या माणसाविषयीची जी काळजी आहे, ती मुलांस अवश्य उमगावी.

दुसरा साठा नाणी व मापे यांचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन. म्हणजे रुपयाच्या पै १९२. आणे व्यवहारातून गेले, तरी 'सोळा आणे खरे' हे बोलणे राहिले. सोळा आणे म्हणजे पुरा रुपया, हे ज्यास ठाऊक नाही त्याला सोळाच का, हे कसे समजावे? 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' या म्हणीतही खर्चाची बेरीज बरोबर एक रुपया होते. तसेच 'शेरास सव्वाशेर'. किलोग्रॅमवर वाढलेल्या मुलापुढे शेर व पायली ही मापे उभी करावी लागतील. पुष्कळ ठिकाणी चार शेरांची पायली व सोळा पायल्यांचा मण धरीत. आपल्या गावचा हिशेब निराळा असल्यास तोच मुलांकडून विचारून आणवावा.

तिसरा साठा काळाचा. दिवस व रात्र मिळून साठ घटका. म्हणून एक घटका चोवीस मिनिटांची. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवीत. ती भरून बुडाली की घटका झाली. 'त्याची घटका भरली' हे बोलणे या वाटीवरून आले. 'औट घटकेचे राज्य' यातील औट म्हणजे साडेतीन. साडेतीन गुणिले चोवीस, म्हणजे चौऱ्याऐंशी मिनिटे! हे गणित मुलांस फळ्यावर करू द्यावे. क्षणभंगुर सत्तेचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

जुने ते सर्वच जपण्याजोगे असते, असे माझे म्हणणे नाही. एखाद्या जातीला, स्त्रीला वा अपंगाला हिणविणाऱ्या म्हणीही त्याच साठ्यात आहेत. मुलाने तशी म्हण आणली तर त्याच्यावर रागावू नये. ती कोणास बोचते, हे शांतपणे सांगावे आणि तिचा वापर तेथेच थांबवावा.

आता करावयाचे काय? आठवड्यास एक शब्द पुरे. मुलांनी घरच्या वा शेजारच्या वृद्धांस विचारून तो आणावा आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात : शब्द, त्याचा अर्थ, तो कोणी सांगितला आणि कोणत्या प्रसंगी वापरतात. अर्थ ताडून पाहण्यास दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उपयोगी पडेल. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. कोशात शब्द सापडला नाही, तर तो चुकीचा ठरवू नये. तो अधिक जपून लिहून ठेवावा. निबंध तपासताना घरचा शब्द खोडू नये. 'घरी असे म्हणतात, पुस्तकात असे लिहितात' अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी मांडावीत. मुलास प्रमाणभाषा आलीच पाहिजे. पण त्यासाठी त्याने आजीच्या बोलण्याची लाज बाळगावी, ही किंमत फार झाली.

त्या मुलीची मी वर्गासमोर क्षमा मागितली. तरीही पुढे कित्येक दिवस तिच्या वहीत घरचा एकही शब्द आला नाही. तिचे लेखन शुद्ध होते, नीटनेटके होते; परंतु त्यात तिचे घर नव्हते. तांबडी रेघ ओढावयास मला क्षणही लागला नव्हता. आपल्या हातून तशी रेघ ओढली जाऊ नये, एवढीच आपणा सर्वांस विनंती करून मी आपली रजा घेतो. रजा घेतो म्हणजे, येतो.