फोनमधला कागद पेटीत ठेवा
(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मालेगाव, नांदगाव, येवल्याकडची मंडळी आज बरीच दिसताहेत. नाशिक म्हटले की बाहेरच्यांना द्राक्ष आणि कांदाच दिसतो. कोरडवाहू कापूस-ज्वारीवालाही याच जिल्ह्यात राहतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. आज बोलायचे आहे ते व्हॉट्सअॅपबद्दल. हसू नका. सकाळच्या फुलांच्या चित्रांबद्दल आम्ही बोलत नाही. आपला व्यवहार आता तिथे लिहिला जातो, म्हणून बोलायचे.

पूर्वी व्यापारी दारात यायचा, काटा लावायचा, चिठ्ठी द्यायचा. अक्षर कसेही असो, चिठ्ठी हातात असायची आणि आपण ती तारेला ओवून ठेवायचो. आता 'उद्या गाडी पाठवतो', 'ओल जास्त निघाली, शंभर कमी धरू', 'पैसे पंधरा तारखेला' हे सगळे फोनवर येते. काटापट्टीचासुद्धा फोटोच येतो. पंधरा तारीख जाते, महिना जातो, मग व्यापारी फोन उचलत नाही. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांचे व्यापाऱ्यांकडे अडकलेले पैसे वसूल करण्याची मोहीम घेतली होती, ती तुम्हाला आठवत असेल. असा अधिकारी भेटला तरी त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कागद काय आहे? आणि आपला कागद असतो फोनमध्ये. तो फोन तोवर विहिरीत पडलेला असतो, नाहीतर पोराने बदललेला असतो.

हिशेब सरळ आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दिवाणी दावा लावायला कायद्याने तीन वर्षे मिळतात. बियाणे खोटे निघाले तर ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षे. आपला स्वस्तातला फोन उन्हात, धुळीत, फवारणीच्या हातात इतकी वर्षे टिकतो का, ते तुम्हीच सांगा. भांडणाचे आयुष्य फोनच्या आयुष्याहून मोठे आहे, म्हणून फोनमधला पुरावा फोनबाहेर काढून ठेवलाच पाहिजे.

पुष्कळांचा समज असा की सगळे कंपनीकडे असतेच, मागितले की मिळेल. तसे नाही. निरोप पोहोचला की कंपनीच्या यंत्रावरून तो पुसला जातो. न पोहोचलेला तेवढा तीस दिवस थांबतो. म्हणजे तुमचे बोलणे तुमच्या फोनमध्ये आणि व्यापाऱ्याच्या फोनमध्ये, बस्स. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅप रात्री दोनच्या सुमारास स्वतःच एक प्रत करते खरे, पण ती त्याच फोनच्या पोटात. घराला आग लागली आणि सातबाऱ्याची झेरॉक्सही त्याच घरात, असा प्रकार.

बाहेर प्रत ठेवायची तर सेटिंग्जमध्ये 'चॅट', त्यात 'चॅट बॅकअप', तिथे गूगल खाते जोडायचे. इथेच आपला गाडा अडतो. खाते कुणाचे? फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने काढून दिलेले. पासवर्ड कुणाला माहीत? कुणालाच नाही. मग नवा फोन आला की प्रत आभाळात आहे आणि शिडी दुकानदाराकडे. तो दुकान सोडून गेला असेल तर विषयच संपला. म्हणून आधी खाते आपले करा. पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद सातबारा असतो त्या पेटीत ठेवा. पेटीची किल्ली बहुतेक घरांत बाईकडे असते, हे बरेच आहे. तिच्याकडून कागद हरवत नाहीत. प्रतीला वेगळे कुलूप घालायची सोय २०२१ पासून आहे. चांगली आहे, पण त्याची किल्ली हरवली तर कंपनीसुद्धा उघडून देत नाही.

परत आणताना फोन नंबर तोच लागतो आणि गूगल खातेही तेच. नव्या फोनवर व्हॉट्सअॅप टाकताना तो विचारतो, जुने परत आणू का? घाईत 'नको' दाबून पुढे गेलेले लोक आम्ही पाहिले आहेत. गूगलची फुकट जागा १५ जीबी. २०२४ पासून व्हॉट्सअॅपची प्रतही त्यातच मोजली जाते, पूर्वी मोजत नसत. कीर्तनाचे आणि निवडणुकीचे व्हिडिओ साठले की जागा भरते आणि प्रत जायची थांबते. पाच महिन्यांहून जास्त दिवस नवी प्रत गेली नाही तर जुनीही पुसली जाते. तेव्हा बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ते पोळ्याला, दिवाळीला, संक्रांतीला पाहत चला.

ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे, त्याचे बोलणे मात्र वेगळे काढून ठेवावे. त्या माणसाचे चॅट उघडून 'एक्सपोर्ट चॅट' दाबले की सगळा मजकूर तारीख-वेळेसह एका फाइलीत येतो. ती स्वतःलाच ईमेल करा, तालुक्याला गेलात की छापून घ्या. थांबू नका, कारण समोरच्याला आपला निरोप दोन्हीकडून पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात, आणि निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय दोघांतला कुणीही सुरू करू शकतो. भाव ठरला की लगेच स्क्रीनशॉट.

फोटोचे आणखी एक. शेतात काढलेल्या मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही नोंदलेले असते. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही नोंद गळून जाते. म्हणून मूळ फोटो कधी पुसू नका, आणि पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. बियाण्याची पिशवी फोडण्याआधी लॉट नंबरचा आणि पावतीचा फोटो काढा, उगवण झाली नाही तर शेताचाही. राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेतकरी सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. नमुना मातीत गेल्यावर हाताशी राहतात पावती, पिशवी, फोटो आणि कृषी खात्याचा पंचनामा.

आता कोर्टाचे. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा खटला चालला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद, आणि पुरावा म्हणजे अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रीकरण. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले की अशा पुराव्याची नक्कल दिली तर सोबत कायद्यातला दाखला हवाच. मात्र मूळ यंत्र घेऊन त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, तर दाखला लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या दाखल्याचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. तो वकील पाहील. आपण एवढेच करायचे की फुटका फोन भांडी-प्लास्टिकवाल्याला द्यायचा नाही. ज्या फोनवर व्यवहार झाला, तो निकाल लागेपर्यंत पेटीत.

जेवणानंतर मांडवाच्या उजव्या बाजूला चार मुले बसतील. ज्यांना खाते काढायचे, बॅकअप चालू करायचा, त्यांनी फोन घेऊन यावे, चार्जरही आणावा. मुले दाखवतील, पण पासवर्ड स्वतः टाका, त्यांनाही सांगू नका, आणि फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणी मागितला तर तो आमच्यापैकी असला तरी देऊ नका. ज्यांचे पैसे व्यापाऱ्याकडे आज अडकलेले आहेत, त्यांनी आधी यावे. त्यांची चॅट आजच बाहेर काढू.