नवा गुडघा आणि जुने घर

आपल्या भाषेने गुडघ्याला फारसा मान दिलेला नाही. मंदबुद्धी माणसाची अक्कल गुडघ्यात, उतावळ्या नवरदेवाचे बाशिंग गुडघ्याला, आणि जो हरला त्याने गुडघे टेकले! या उपेक्षित अवयवाची खरी योग्यता माणसाला कळते ती बहुधा साठी उलटल्यावर, जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे उभे राहिल्यावर. आमच्या घरी ती कळली तीन वर्षांपूर्वी, माझ्या आईच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करण्याचे ठरले तेव्हा. या काळात मला जे शिकावे लागले, आणि जे मी उशिरा शिकलो, ते आज आपल्याला सांगावे असा विचार आहे.

सांधा बदलावयाचा म्हणजे सबंध गुडघा काढून दुसरा बसवावयाचा, अशी आमची समजूत होती. वस्तुतः हाडांच्या टोकांवरील झिजलेला भाग तेवढा कापून तेथे धातूचे आवरण बसवितात आणि दोहोंच्या मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवितात. खुब्यामध्ये मांडीच्या हाडाचे झिजलेले डोके काढून नवा गोळा आणि नवी वाटी बसवितात. ही कल्पना जुनी आहे. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये ग्लुक नावाच्या शल्यविशारदाने हस्तिदंती सांधे बसवून पाहिले होते. ते टिकले नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या, त्याही झिजल्या. खचून न जाता त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिथिलीनची वाटी बसविली आणि आजच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० आणि २००१ साली अशा शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि मध्यम स्थितीतील माणसालाही या उपचाराचा विचार करणे सुलभ झाले.

मी सरकारी नोकर. कोणत्याही कार्याची तयारी म्हणजे कागदपत्रांची तयारी, ही आमची जन्माची सवय. रजेचा अर्ज मंजूर करून घेतला, खर्चाच्या प्रतिपूर्तीचे कागद जमविले, तपासण्यांचे अहवाल तारीखवार लावले आणि 'तयारी पूर्ण' असा शेरा मनातल्या मनात मारून मोकळा झालो. शरीराची तयारी डॉक्टरांनी करून घेतली. रक्तातील साखर आटोक्यात आणली. दात तपासले. लघवीत जंतू नाहीत ना, पायावर कोठे जखम नाही ना, हे पाहिले. कारण शरीरात इतरत्र दडलेले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचले, तर सगळे श्रम वाया जाण्याचा संभव असतो. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा थांबवावयाची तेही त्यांनीच सांगितले. ते आपल्या मनाने कधी ठरवू नये. तंबाखू किंवा मशेरीची सवय असणाऱ्यांनी ती आधीच सोडणे इष्ट, कारण तिच्यामुळे जखम भरावयास उशीर लागतो. मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आईने महिनाभर आधीपासून केला, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

तयारी राहिली ती घराची. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्याच दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली आणि चार पावले चालली. पाचव्या दिवशी तिला घेऊन आम्ही दिल्लीतील आमच्या सरकारी निवासस्थानी आलो, आणि तो वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जाईना! दार अरुंद, पुढे उंबरा, आत गुळगुळीत फरशी आणि धरावयास भिंतीशी काही नाही. ज्या घरात मी रोज वावरत होतो ते मी आईच्या पायांनी एकदाही चालून पाहिले नव्हते. त्या रात्री दोघांनी धरून तिला आत न्यावे लागले. तिला जे अवघडल्यासारखे झाले, त्याची आठवण मला आजही बोचते. दुसऱ्या दिवशी सुतार आणला, भिंतीला पकडण्याची दांडी बसविली, सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, हात टेकावयास दांडे असलेली उंच खुर्ची आणली. हे सारे आठ दिवस आधी करता आले असते.

माझी दुसरी चूक मायेपोटी झाली. पाय दुखतो म्हणून मी गुडघ्याखाली मऊ उशी ठेविली. आईला बरे वाटले, मलाही वाटले. चौथ्या दिवशी व्यायाम शिकविणाऱ्या बाई आल्या. त्यांनी ती उशी काढली आणि मला शांतपणे म्हणाल्या, "साहेब, वाकलेल्या स्थितीत गुडघा आखडला तर तो पुढे सरळ होणार नाही. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या." सुखाची उशी ही अशी शत्रू ठरते! पहिले सहा आठवडे गुडघा पूर्ण सरळ करणे आणि हळूहळू अधिक वाकविणे, हेच रुग्णाचे खरे काम. ते दुखते. वेदनाशामक गोळी वेळेवर घेऊन व्यायाम करावा, दुखते म्हणून व्यायाम सोडू नये.

काही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. जखमेतून पाणी आले किंवा ताप चढला, तर घरातील जुनी औषधे न देता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. खुब्याच्या रुग्णांना आणखी एक पथ्य असते. सांधा निखळू नये म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस सखल आसनावर बसणे, पायावर पाय टाकणे आणि कमरेतून फार वाकणे टाळावे लागते.

आईला मात्र एकाच गोष्टीचे दुःख होते. मांडी घालून जमिनीवर बसू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पन्नास वर्षे जी बाई पाटावर बसून देवपूजा करीत आली, तिला हे सहज कसे मानवावे? "देवापुढे खुर्चीवर बसू का रे?" असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आपले जेवण, आपली पूजा, आपला शौच, सारे जमिनीशी जोडलेले. त्यातले काय सोडावे लागेल, याची चर्चा आम्ही शस्त्रक्रियेपूर्वी केलीच नव्हती. ती आधी व्हावयास हवी. रुग्णाने ते समजून पत्करले, तर नंतर फसविल्यासारखे वाटत नाही.

उत्तर अखेर तिनेच शोधले. एके दिवशी सकाळी तिने मला देवघर उचलून टेबलावर ठेवावयास सांगितले. "मला खाली जाता येत नाही, तर देवांनी थोडे वर यावे," असे म्हणून ती खुर्चीवर बसली आणि नेहमीसारखी पूजा केली. तिसऱ्या महिन्यात ती काठीशिवाय कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जाऊन आली. सूज पूर्ण उतरावयास मात्र वर्ष लागले.

परदेशांतील नोंदींवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे, संपूर्ण बदललेल्या दर १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. म्हणजे डॉक्टरांचे काम दीर्घकाळ टिकणारे आहे. ते दोन तासांत संपते. उरलेले काम घरातल्या माणसांचे आणि रुग्णाच्या धीराचे. आपल्या घरी असा प्रसंग येणार असेल, तर रजेचा अर्ज करण्यापूर्वी एकदा वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत चालून पाहा. उतावळेपणाने गुडघ्याला बाशिंग बांधू नये हे खरेच, पण कार्याची तयारी करावयाची ती आधी घरापासून.