पुलिसॅक्शनच्या आधी दोन पावसाळे

वर्तमानपत्राचं आयुष्य एका दिवसाचं. सकाळी त्यात जगाच्या घडामोडी असतात, संध्याकाळी भजी. उरलेली पानं फडताळात डब्यांखाली जातात आणि रद्दीवाला तर महायुद्ध आणि तेलाची जाहिरात एकाच भावानं तोलतो. पण मथळ्यातला एखादा शब्द असा चिवट निघतो, की कागद विरून गेला तरी तो माणसांच्या तोंडी बसून राहतो. आज अशाच काही जुन्या मथळ्यांची गंमत सांगणार आहे.

फजितीच्या मथळ्यांत पहिला मान शिकागोचा. १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या छापखान्यात तेव्हा संप होता, म्हणून अंक लवकर छापायला घ्यावा लागे. मतमोजणी चालू असतानाच त्यांनी ‘ड्युईंनी ट्रुमनना हरवलं’ असा ठसठशीत मथळा छापून टाकला. निवडून आले ट्रुमन! विजयी ट्रुमन तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसताहेत, तो फोटो पुढं जगभर गाजला. मथळा चुकला, जग हसलं, कुणाचं काही बिघडलं नाही.

त्याच्या सातच आठवडे आधी आमच्या मुलखात एक मथळा झळकला होता. तोही मोठा गमतीचा होता, पण त्याचे परिणाम मात्र गमतीचे नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. सोलापूरकडून रणगाडे नळदुर्गावर आले, आकाशात विमानं घिरट्या घालू लागली आणि १७ सप्टेंबरला निजामानं हार मानली. सैन्यानं या मोहिमेला सांकेतिक नाव दिलं होतं ‘पोलो’ आणि जगाला सांगितलेलं नाव होतं ‘पोलीस ॲक्शन’. आता पोलीस म्हटलं की आमच्या भोकरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं काठी आणि शिट्टी येते. या पोलिसांकडे मेजर जनरल होते, तोफा होत्या. अर्थात सरकारलाही इलाज नव्हता. निजामानं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. सैन्य धाडलं म्हणावं तर ते दोन देशांचं युद्ध ठरलं असतं. पोलीस धाडले म्हटलं की घरातलं भांडण. वर्तमानपत्रांनीही तोच शब्द उचलला.

पलीकडच्या बाजूलाही शब्दांचा दुष्काळ नव्हता बरं का! रझाकारांचे म्होरके कासिम रझवी म्हणजे आपल्या लातूरचे वकील. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या त्यांच्या गर्जना तेव्हा फार गाजल्या. लाल किल्ला दूरच राहिला, नळदुर्ग पहिल्याच दिवशी हातचा गेला.

निजामाच्या राज्यात वर्तमानपत्र चालवणं ही एक कसरतच होती. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ सुरू केलं. निजामानं बंदी घातली की ते नाव बदलून अंक काढायचे. पुन्हा बंदी आली की पुन्हा नवं नाव. एका वर्तमानपत्राची इतकी बारशी झालेली दुसरीकडे क्वचितच ऐकायला मिळतील. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचं नशीब एवढं बलवत्तर नव्हतं. हैदराबादनं भारतात यावं, रझाकारांना आवरावं, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना रस्त्यात गाठून मारण्यात आलं. ज्या हातानं लिहिलं, तो हातही तोडला. पोलीस ॲक्शन अवघ्या काही आठवड्यांवर आली होती.

तर हा ‘पोलीस ॲक्शन’ शब्द आमच्याकडं असा रुजला, की त्याचं कॅलेंडरच झालं. माझ्या दादीला अलिफ-बेही वाचता येत नव्हतं; इंग्रजीचं तर नावच नको. पण हा इंग्रजी शब्द तिनं पानासारखा चघळून आपला करून टाकला होता. अब्बांचा जन्म कधीचा, असं विचारलं की ती सांगायची, “पुलिसॅक्शनके पैले, दो बरसातां पैले.” शेजारच्या काकूंची मुलगी ‘ॲक्शनच्या वर्साची’. कुणाचं लग्न ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यातलं. शाळेत नाव घालायची वेळ आली, की हेडमास्तर या सगळ्या पावसाळ्यांचा हिशोब करून शेवटी १ जून लिहून टाकायचे. आमच्या भागात एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. केक कुणाकडेच नसायचा, हे बरंच म्हणायचं.

शब्द चांगला चालला की तो परदेशातही मागणी मिळवतो. डचांनी १९४७ आणि १९४८ मध्ये इंडोनेशियात फौजा घातल्या, त्यांनाही पोलीस कारवाई असंच नाव दिलं होतं. आणि आपले ते हसरे ट्रुमन आठवतात ना? जून १९५० मध्ये कोरियात लढाई पेटली. पत्रकारांनी विचारलं, ही संयुक्त राष्ट्रांची पोलीस कारवाई म्हणता येईल का? ट्रुमन म्हणाले, होय, तसंच आहे. ती कारवाई तीन वर्षं चालली आणि त्यात लाखो माणसं गेली. त्या खेपेला अंक उंच धरून कुणी हसलं नाही.

आमच्याकडे काय झालं? रझाकारांनी गावं जाळली, लुटली, माणसं मारली. ते अत्याचार या मातीनं सोसले, आणि त्यातून सुटका झाली म्हणून १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. मीही झेंड्याला सलाम करतो, मनापासून करतो. पण ॲक्शनच्या वेळी आणि नंतर सूड उगवला गेला, तो गोरगरीब मुसलमानांवर. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीला पाठवलं. सावधपणे धरलं तरी २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरबरोबर आपलं नांदेडही होतं. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवताना हिंदूंनी जीव धोक्यात घातल्याचंही त्या अहवालात आहे. पण अहवाल अनेक दशकं बासनात राहिला. ‘पोलीस’ म्हटल्यावर इतकी माणसं मरतील, असं कुणाच्या मनात तरी कसं यावं?

दादी ॲक्शनवरून जन्म मोजायची, लग्नं मोजायची. त्या वर्षी घरातलं कोण गेलं, असं विचारलं की मात्र पानदान उघडायची आणि सुपारी कातरत बसायची. आम्हीही मग खेळायला पळायचो.

ती पिढी आता बहुतेक संपली. त्या वेळची पोरं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं, की आपल्या गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्यापाशी, मग तो हिंदू असो वा मुसलमान, घटकाभर बसा. ॲक्शनच्या वेळी तुमच्या घरी काय झालं होतं, एवढंच विचारा. मथळा त्यांना पाठ आहे. त्याखालची बातमी त्यांना अजून कुणी विचारलेली नाही.