चाळिशीतील विद्यार्थी आणि नवा उद्योग

व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक, आणि नोकरीच्या मध्यावर स्वतंत्र उद्योगाची आकांक्षा मनी धरून येथे आलेल्या बंधुभगिनींनो,

सांगलीत आपणां सर्वांचे स्वागत करताना, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापकाची नोकरी सोडून बेळगावची वाट धरणाऱ्या, आणि पुढे चाळिशी गाठल्यावर १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने याच जिल्ह्यातील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण प्रथम होणे स्वाभाविक आहे. यंत्रविद्येत ते पारंगत होते; परंतु त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे मानणाऱ्या शेतकऱ्याचे मन वळवण्याची विद्या शिकवणारी पाठशाळा त्यांच्या काळी या देशात नव्हती. ही उणीव पुढे भरून निघाली: अहमदाबाद आणि कलकत्ता येथील व्यवस्थापन संस्था १९६१ साली निघाल्या, आणि १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्थापिलेल्या जमनालाल बजाज संस्थेत तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अर्धवेळ अभ्यासक्रमही आहेत.

पंधरा-वीस वर्षे एकाच खात्यात काढलेल्या मनुष्याचे ज्ञान खोल असते, परंतु एकांगी असते. ओतीव कामातील दोष नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या अभियंत्याला, ताळेबंदात नफा दिसत असता सात तारखेच्या पगाराला रोकड का नसते, हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. कारण ती तजवीज आजवर दुसरेच कोणी करीत आले. कच्चा माल रोखीने घ्यावा, तयार माल उधारीवर द्यावा, आणि लघुउद्योगांचे देणे ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले असतानाही, मोठे गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने तगादा लावण्यास मन धजू नये, अशा स्थितीत मागणी वाढते तसतशी रोकड आटत जाते. खेळत्या भांडवलाचे हे गणित परक्या कारखान्याच्या आकड्यांवर, वर्गात बसून, चुकतमाकत सोडवले तर आपली भविष्यनिर्वाह निधीची पुंजी वाचते. एवढा एकच लाभ पदरी पडला तरी त्या शिक्षणाचे शुल्क वसूल झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय त्याच बाकावर बँकेचा अधिकारी, रुग्णालयाचा व्यवस्थापक आणि विक्रीखात्याचा मुरब्बी माणूस बसलेला असतो, व आपल्या योजनेतील जे छिद्र घरची माणसे भिडेने दाखवीत नाहीत ते तो निःसंकोच दाखवतो. उद्योगातील भागीदारही पुष्कळदा येथेच भेटतो. वय उलटले म्हणून कोणी खचू नये. अमेरिकेतील जनगणना खात्याच्या नोंदींवरून झालेल्या एका संशोधनात, सर्वाधिक वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे आरंभसमयीचे सरासरी वय ४५ आढळले आहे.

अध्यापकवर्गास एक आग्रहाची विनंती आहे. मोठमोठ्या विलायती कंपन्यांच्या उदाहरणांबरोबर सांगलीच्या हळदपेठेतील अडत, तासगावचा बेदाणा आणि कुपवाडचे छोटे कारखाने यांचाही अभ्यास आपल्या वर्गांत व्हावा. येथील कारखानदारांकडे जाऊन त्यांचे दप्तर आपणांस पाहावयास मिळावे यासाठी जी खटपट करावी लागेल, ती करण्यास स्वागत समिती आनंदाने सिद्ध आहे.