जोडे शिवणाऱ्यांचा डाव

(हैदराबादमध्ये पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासगटासमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी समाजशास्त्रात पीएचडी करते आणि संध्याकाळी हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर जु-जित्सू शिकायला जाते. आपटते दोन्हीकडे. फरक एवढाच की तिकडे खाली गादी असते.

एकदा सरावात मी समोरच्या मुलीचं पाऊल काखेत धरलं, मनगटाजवळचं हाड तिच्या टाचेवरच्या शिरेला टेकवलं आणि मागे रेलले. तिने लगेच थाप मारून हार मानली. या डावाला फूटलॉक म्हणतात. आमचे सर हसत म्हणाले, “पूर्वी ब्राझीलमध्ये हा डाव लावला असतास, तर लोक तुला ‘सापातेइरो’ म्हणून ओरडले असते.” सापातेइरो म्हणजे पोर्तुगीजमध्ये जोडे बनवणारा.

सर सहज बोलले. पण माझे आजोबा स्टेशनबाहेर रापी आणि आरी घेऊन बसायचे. शाळेत हा शब्द मी मराठीत ऐकलाय. म्हणून मी त्याच्या मागे लागले, आणि मला ओस्वाल्दो फाद्दा सापडले.

जु-जित्सू मूळची जपानची. 1914 मध्ये मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू ब्राझीलला गेला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात आली आणि त्यांची रिओ दी जानेरोतली अकादमी गाजली. ताकद कमी असलेला माणूसही तंत्राच्या जोरावर दांडग्याला हरवू शकतो, असं ते सांगत. पण तिथे शिकायला येणारे बहुतेक खिशाने दांडगेच होते.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये. माणसांची उतरंड मात्र शहराच्या नकाशावर उरली. रिओत ‘उपनगर’ म्हटलं की रेल्वेमार्गाच्या कडेच्या कष्टकरी वस्त्या डोळ्यांसमोर येतात. 1921 मध्ये जन्मलेले फाद्दा अशाच बेंतो रिबेरो भागातले. मरीन दलात असताना ते लुईझ फ्रांसा यांच्याकडे शिकले, आणि 1950 मध्ये आपल्याच वस्तीत त्यांनी अकादमी उघडली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना त्यांनी फुकट शिकवलं, कधी मैदानात, कधी समुद्रकिनारी.

त्याच दशकात फाद्दांनी वर्तमानपत्रातून ग्रेसींना जाहीर आव्हान दिलं. सामने झाले ग्रेसींच्याच अकादमीत. उपनगरातल्या पोरांनी फूटलॉक लावले आणि बाजी मारली.

आता गंमत बघा. हरल्यावर माणसाने तो डाव शिकून घ्यावा. इथे डावालाच जात चिकटवली गेली. म्हणे हा ‘उपनगरी’ डाव, आणि तो लावणारा सापातेइरो. पुढे कितीतरी वर्षं स्पर्धेत कुणी पाय धरला की ही शिवी ऐकू यायची. म्हणजे मोजपट्टी डावाला नव्हती, तो कुणाच्या हातातून आला त्याला होती.

आणि 2010 नंतरच्या दशकात काय झालं? न्यूयॉर्कमध्ये जॉन डॅनाहर नावाच्या प्रशिक्षकाचे विद्यार्थी पायाचेच डाव लावून मोठमोठ्या स्पर्धा जिंकू लागले. डॅनाहर कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले. हो, बाबासाहेबांचंच कोलंबिया. आता या डावांना ‘सिस्टिम’ म्हणतात आणि त्यांचे व्हिडिओ पैसे देऊन घेतले जातात. डॅनाहर यांची मेहनत खरी आहे, त्यांनी भर घातली आहे, ते मी नाकारत नाही. पण पाय वस्तीतल्या पोराने धरला तेव्हा ती शिवी होती आणि तत्त्वज्ञाने धरला तेव्हा शास्त्र झालं, हे विसरू नका.

माझा एक अनुभव सांगते. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी आजोबांच्या कामावर मांडणी केली. कातडं नुसतं दाबून त्याचा कस कसा कळतो, गिऱ्हाईक चालत येतानाच त्याची चप्पल कुठे झिजणार हे त्यांना कसं दिसायचं, यावर. एक प्राध्यापक म्हणाले, “हा अनुभव झाला. सिद्धान्त कुठे आहे?” मी खाली बसले. त्या रात्री ते प्रकरण काढून टाकायचं मी ठरवलं होतं. फाद्दांबद्दल वाचल्यावर ते पुन्हा लिहायला घेतलं. अजून मंजूर झालेलं नाही. बघू.

तुमच्यातही कुणाला इंग्रजीवरून, कुणाला आरक्षणावरून, कुणाला गावच्या बोलीवरून असंच ऐकवलं गेलं असेल. तेव्हा आपण सगळ्यात आधी काय करतो? आपला येणारा डाव टाकून देतो. कृपा करून टाकू नका.

पण जिंकलं की मान मिळतो, हेही खरं नाही. फाद्दांची पोरं जिंकली, तरी शिवी राहिलीच. तरीही फाद्दा शिकवत राहिले. 2005 मध्ये ते गेले. त्यांच्या परंपरेतले वेंडेल अलेक्झांडर हे नोव्हा उनिआओ या संघाच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्याच संघातून मनौसच्या गरीब घरातला जोसे आल्दो यूएफसीचा विजेता झाला. शिवी पुसायला कुणी आलं नाही, पण शिकणाऱ्यांची रांग तुटली नाही.

म्हणून एक काम सांगून थांबते. फेलोशिपचा अर्ज, संशोधनाचा आराखडा, मुलाखतीची तयारी, तुम्हाला जे जमलं असेल ते मागून येणाऱ्या एकाला तरी फुकट शिकवा. आज भाषण संपल्यावर मी इथेच बसणार आहे. अर्ज घेऊन या.

जय भीम.