भागीदारी करार आणि संसदेची संमती

भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघ म्हणजे एफ्टा यांच्यातील व्यापार व आर्थिक भागीदारी करारावर 10 मार्च 2024 रोजी नवी दिल्लीत सह्या झाल्या आणि 1 ऑक्टोबर 2025 रोजी तो अमलात आला. मधल्या काळात स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चारही देशांत तो संसदेपुढे गेला. भारतात मंत्रिमंडळाची मंजुरी पुरेशी ठरली. यात नियमभंग काही नाही. हा फरक राज्यघटनेच्या रचनेतून आला आहे आणि आज कायद्याची पदवी स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने तो नीट पारखून घ्यावा इतका महत्त्वाचा आहे.

संघसूचीतील 14व्या नोंदीनुसार परराष्ट्रांशी करार करणे आणि ते अमलात आणणे हा केंद्राचा विषय आहे. अनुच्छेद 253 मुळे करार राबवण्यासाठी संसद देशभराकरिता कायदा करू शकते, मग विषय शेतीसारखा राज्यसूचीतला का असेना. मात्र सही करण्याआधी संसदेची संमती घ्यावी, असे घटना कुठेही सांगत नाही. तसा कायदाही संसदेने केलेला नाही. त्यामुळे अनुच्छेद 73 खाली हा अधिकार सरकारच वापरते. देशातला कायदा बदलायची वेळ आली, तरच प्रकरण सभागृहात येते. आयातशुल्क कमी करायला तर तेही लागत नाही, सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खालील अधिसूचना पुरते.

भूभाग सोडून द्यायचा असेल, तर गोष्ट वेगळी. 1958 च्या नेहरू-नून करारात बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याचे ठरले, तेव्हा राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी 1960 मध्ये लिहिलेल्या मतानुसार त्यासाठी घटनादुरुस्ती अनिवार्य ठरली. बांगलादेशाशी 1974 मध्ये झालेल्या सीमा करारालाही हीच अट लागली. बांगलादेशाच्या संसदेने त्याच वर्षी संमती दिली. भारतात मे 2015 उजाडला. राज्यसभेत 181 विरुद्ध 0, लोकसभेत 331 विरुद्ध 0. विरोधात एकही मत न पडणाऱ्या या निर्णयासाठी दुसऱ्या देशाच्या भूभागाने वेढलेल्या 162 वस्त्यांमधील माणसे 41 वर्षे खोळंबली. शाळा, वीज, मतदान यांपासून ती तोवर वंचित होती. संसदेच्या संमतीचा आग्रह धरताना ही किंमत विसरता येत नाही.

तरीही आग्रह धरावा, असे सांगणारा पुरावा औषधांच्या क्षेत्रात सापडतो. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेचा करार 1994 मध्ये मराकेश येथे झाला. त्यानुसार औषधांना उत्पादन-पेटंट देणे भाग होते आणि त्यासाठी पेटंट कायदा बदलावा लागला. 2005 च्या दुरुस्तीत संसदेने कलम 3(ड) कडक केले: जुन्याच रेणूच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याखेरीज पेटंट नाही. याच कलमाच्या आधारे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाबाबत नोव्हार्टिसची मागणी फेटाळली. संसदेत झालेल्या घासाघिशीचा लाभ असा रुग्णांपर्यंत पोचला. सही आधीच झालेली असूनही एवढे साधले. मसुद्याच्या टप्प्यावर सभागृहाला वाव मिळाला असता, तर अधिक साधले असते.

स्वित्झर्लंडमध्ये संसदेच्या मंजुरीनंतरही 50,000 नागरिक सह्या गोळा करून महत्त्वाचा करार सार्वमताला नेऊ शकतात. एफ्टाचा इंडोनेशियाशी झालेला भागीदारी करार पामतेलाच्या वादामुळे 7 मार्च 2021 रोजी असाच मतदानाला गेला आणि जेमतेम 52 टक्के मतांनी टिकला. भारताच्या आकाराच्या देशाला ही वाट झेपणारी नाही. ब्रिटनची पद्धत जवळची वाटते. तेथे 2010 च्या कायद्यानुसार अनुसमर्थनापूर्वी करार संसदेच्या कामकाजाचे 21 दिवस पटलावर ठेवावा लागतो आणि हाउस ऑफ कॉमन्स त्याला हरकत घेऊ शकते. भारतात न्या. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने 2002 मध्येच सरकारच्या या अधिकाराचे कायद्याने नियमन करावे, अशी शिफारस केली होती. त्यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही. 14व्या नोंदीखाली संसद साध्या बहुमताने असा कायदा करू शकते.